गुणी आणि बाणातला ण

ठाण्यात राहून ज्याला ण म्हणता येत नाही त्याने गाव सोडावं, असं टिपणीस मास्तर वर्गात म्हणत, आणि कल्याणला गेलात तरी सुटका नाही, अशी पुस्तीही जोडत. ठाण्यात ण, कल्याणात ण आणि खुद्द त्यांच्या आडनावातही ण. अशा माणसाला त्या अक्षराचा अभिमान वाटला तर नवल नव्हतं. नवल हे, की दुसऱ्या कशाचा अभिमान बाळगायला गुरुदत्त टिपणिसांना जन्मभर सवडच मिळाली नाही.

वर्गात खाडीकाठच्या गावांतून आलेली मुलं असत. ती 'पानी' म्हणत, 'लोनी' म्हणत, आणि मास्तरांच्या कपाळाची शीर उठे. "नळातला न की बाणातला ण?" असा प्रश्न गरजत येई. उत्तर चुकलं की बाकावर उभं राहायचं आणि घरून शंभर वेळा 'पाणी' लिहून आणायचं. लिहून आणलेल्या शंभरांत मास्तर तांबड्या शाईने चुका शोधत. चूक सापडली नाही तर वही तशीच परत करत. 'छान' हा शब्द त्यांनी अठ्ठावीस वर्षांत कुणाच्या वहीवर लिहिला नव्हता. छान हे विशेषण आहे आणि विशेषणं जपून वापरावीत, असं त्यांचं मत होतं.

कोलशेतचा दगडू म्हात्रे हा याच शंभर पाण्यांत बुडालेला विद्यार्थी. चौथीत त्याने तिसऱ्यांदा शंभर वेळा लिहून आणलं, मास्तरांनी ते तपासलं, आणि दुसऱ्या दिवसापासून दगडू शाळेत आला नाही. "त्याला शिकायचंच नव्हतं," असं मास्तरांनी हजेरीवर फुली मारताना जाहीर केलं आणि ते स्वतःलाही पटवून घेतलं. ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट.

एकोणपन्नास साली मास्तरांच्या घरात दोन घटना घडल्या. मुलगी प्रमोदिनी लग्न होऊन नागपूरला गेली, आणि खाडीकाठच्या एका कारखान्यातला इंग्रज इंजिनिअर विलायतेला गेला. हा साहेब मास्तरांकडे मराठी शिकायला येत असे. जाताना त्याने एक काळंभोर पिल्लू मास्तरांच्या ओटीवर आणून ठेवलं. लॅब्रडॉर जातीची कुत्री. पाण्यात पडलेला पक्षी अलगद तोंडात धरून मालकाच्या हातात आणून द्यायचा, हा या जातीचा पिढीजात धंदा. "हिला काम द्या," साहेब म्हणाला, "नाहीतर तो स्वतःच काम शोधेल." मास्तरांनी त्याच्या वाक्यातलं एक लिंग सुधारलं आणि पिल्लू ठेवून घेतलं.

मास्तरांच्या पत्नी सुमतीबाई पहिला आठवडा तिच्याकडे पाठ करून बसल्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी तिच्यासाठी मांदेली माशांची डोकी बाजूला काढायला सुरुवात केली. मास्तरांनी तिचं नाव ठेवलं गुणी. नावात ण आला हा योगायोग नव्हता. प्रमोदिनी गेल्यापासून घर खायला उठत होतं, आणि आता शाळेतून येणाऱ्या मास्तरांच्या पायांशी कुणीतरी असा दंगा करत होतं, की जणू मास्तर काशीयात्रा करून परतले आहेत. इतका आनंद त्यांना पाहून कुणाला झाल्याचं मास्तरांना आठवत नव्हतं. खरं सांगायचं तर मास्तर त्या कुत्रीच्या प्रेमात पडले होते, फक्त तसं म्हणायला विशेषण लागलं असतं.

साहेबाचं भाकीत मात्र खरं ठरलं. काम मिळेना, म्हणून गुणीने काम शोधलं. ती आळीभर फिरून वस्तू आणू लागली. आधी चपला आल्या. मग समोरच्या गंगुबाईंचं वाळत घातलेलं नऊवारी आलं, सबंध, मागे अर्धी आळी झाडत. मग सत्यनारायणाचा नारळ आला. प्रत्येक वस्तू ती मास्तरांच्या पुढ्यात ठेवी आणि शेपटी हलवत उभी राही. मास्तर प्रत्येक वस्तू परत करायला जात आणि चार शब्द ऐकून येत.

शेवटी एके सकाळी तिने घरमालकांची कवळी आणली. विश्रामराव दिघे तोंड धुताना ती ओट्याच्या कडेवर काढून ठेवत. गुणीने ती मास्तरांच्या व्याकरणाच्या पुस्तकावर आणून ठेवली. पाठोपाठ विश्रामराव आले आणि त्यांनी जे काही सुनावलं त्यातलं निम्मं कळलंच नाही, कारण दात नसल्यामुळे त, थ, द, ध आणि न ही अक्षरं वाऱ्यावर जात होती. दंत्य वर्णांचं इतकं चांगलं उदाहरण वर्गात दाखवता आलं असतं, असा विचार त्याही प्रसंगी मास्तरांच्या मनात येऊन गेला.

कवळी बसवल्यावर विश्रामरावांनी निकाल स्पष्ट भाषेत सांगितला. "टिपणीस, कुत्री माझ्या घरात राहणार नाही. मुरबाडला माझ्या मेव्हण्याचा मळा आहे, तिथे साखळीला बांधून राखणीला ठेवतील."

"साखळीला?" मास्तरांनी गुणीच्या मानेवर हात ठेवला.

विश्रामरावांनी कवळी जिभेने चाचपून पाहिली. ते स्वतः शिकारीचे शौकीन. दर हिवाळ्यात कोलशेतच्या खाजणात, म्हणजे खाडीच्या भरतीच्या दलदलीत, रानबदकं मारायला जात. कवळीवर एक ओरखडासुद्धा नाही, हे त्यांच्यातल्या शिकाऱ्याला दिसलं होतं. "एक सवलत देतो," ते म्हणाले. "संक्रांतीनंतरच्या रविवारी मी खाजणात जातोय. मी पाडलेलं पहिलं बदक हिने पाण्यातून माझ्यासमोर तुमच्या हातात आणून दिलं, पीस न मोडता, तर राहू द्या. नाहीतर सोमवारी मुरबाड."

कुत्र्यांना हे काम शिकवणारा माणूस साऱ्या पंचक्रोशीत एकच होता, हे मास्तरांनी चौकशी केल्यावर कळलं. साहेब लोकांच्या शिकारींत तो पुढे असायचा, साहेबाचे दोन कुत्रे त्यानेच तयार केले होते. नाव ऐकल्यावर मास्तरांनी दोन दिवस दुसरा कुणी मिळतो का ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी ते गुणीला घेऊन कोलशेतला गेले. दगडू म्हात्रे गुडघाभर चिखलात उभा राहून बांधाचं भगदाड लिंपत होता.

"दगडू, ओळखलंस मला?"

"ओलखलं की. टिपनीस मास्तर."

"टिपणीस," मास्तर सवयीने म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

"तेच," दगडू म्हणाला.

त्याने हात धुतले, गुणीच्या तोंडात बोट घालून पाहिलं, पेंढ्याचं एक बोचकं दूर भिरकावलं. ती धावत गेली आणि बोचकं घेऊन गावभर उधळली. "सोन्यासारी हाय," तो म्हणाला. "रिकामी हाय, म्हनून वाया जाते. उद्यापासून आना."

शिकवणी शाळा सुटल्यावर बांधावर सुरू झाली. दगडू हुकूम साहेबाच्या भाषेत द्यायचा, 'फेच' म्हणून. ते मास्तरांनी पहिल्याच दिवशी बंद पाडलं. "इंग्रज गेला, दगडू. स्वतंत्र देशातल्या कुत्र्याशी मराठीत बोलायचं."

"बरा. मग 'आन' बोलू."

"आण. बाणातला ण."

"आन," दगडू मनापासून म्हणाला, आणि तोवर गुणी निघालीसुद्धा होती.

दगडूची शिकवण्याची तऱ्हा मास्तरांना पाहवत नसे. बोचकं दिवसाला पाच वेळा फेकायचं, बस्स. सहाव्यांदा गुणी कितीही नाचली तरी ते झोळीत जायचं. "तिला आत्ताच तर जमायला लागलंय," मास्तर म्हणत. "जमतं तवाच थांबायचं," दगडू म्हणे. "भूक ठेवून उठवायचं. मंग उद्या धावत येते."

"शाळेत आम्ही जमेपर्यंत लिहून घेतो."

"हां," दगडू म्हणाला. "ठाव हाय मना."

त्यातही प्रत्येक बोचकं गुणीच्या वाट्याला येत नसे. मिळणारच अशी खात्री झाली की कुत्र्याची ओढ जाते, म्हणून तिला बसवून ठेवायचं आणि मधूनच एखादं माणसाने जाऊन आणायचं, हा दगडूचा नियम. माणूस म्हणजे मास्तर. धोतर वर खोचून, चिखलात घोट्यापर्यंत रुतत, ठाण्यातले ज्येष्ठ मराठी शिक्षक बोचकं आणायला जात, आणि गुणी बांधावर बसून जीभ बाहेर काढून त्यांची प्रगती पाही. आणून दिल्यावर दगडू बोचकं घेई आणि मान डोलावी. मास्तरांना त्या मान डोलावण्याने बरं वाटत असे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

महिनाभरात गुणी बोचकं पाण्यातून आणून हातात देऊ लागली. आणलं की दगडू तिथल्या तिथे गुडघ्यावर बसे, तिचे दोन्ही कान चोळी, सुक्या जवळ्याची, म्हणजे बारीक कोळंबीची, चिमूट तोंडात घाली आणि म्हणे, "गं माजी बाय, गं माजी वाघीन!" मास्तर त्या वेळी दुसरीकडे बघत. तीन शब्दांत तीन चुका.

संक्रांतीला पंधरा दिवस राहिले तेव्हा मास्तरांना परीक्षेची धास्ती वाटू लागली. परीक्षेपूर्वी उजळणी हवी, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. त्यांनी दगडूला न सांगता घरामागच्या अंगणात उजळणी सुरू केली. सकाळी चाळीस वेळा, संध्याकाळी चाळीस वेळा. "आण! चूक. तिरकं धरलंस. पुन्हा. आण! सावकाश का आलीस? पुन्हा."

"अहो, जनावर आहे ते," सुमतीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "स्कॉलरशिपला बसवताय का?"

पाचव्या दिवशी गुणीने बोचकं अर्ध्या वाटेवर टाकून दिलं. सहाव्या दिवशी ती उठलीच नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मांदेलीची डोकी पुढे ठेवली, तिने वास घेतला आणि मान फिरवली. मास्तरांनी तिला हाका मारल्या, रागावून पाहिलं, मग जवळ बसून पाहिलं. शेपटी एकदा हलली, ती केवळ भीड म्हणून. मास्तरांचे डोळे भरून आले. सोमवार डोळ्यांसमोर दिसत होता, आणि मुरबाडची साखळी.

दगडू निरोप मिळताच ठाण्याला आला. त्याने कुत्रीकडे पाहिलं, मग अंगणात मास्तरांच्या पावलांनी पडलेल्या वाटेकडे पाहिलं.

"किती वेला फेकलंत?"

"चाळीस. दोन्ही वेळा."

"आनल्यावर कं बोललात?"

"जिथे चुकली तिथे चूक दाखवली."

"आनि बरोबर आनल्यावर?"

"बरोबर आणल्यावर काय बोलायचं?" मास्तरांना प्रश्नच कळला नाही. "बरोबर ते बरोबरच असतं."

दगडू हसला नाही. हसला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. "चार दिस तिला कायपन सांगू नका," तो म्हणाला आणि बोचकं घेऊन गेला.

चार दिवस गुणीला सुट्टी मिळाली. पाचव्या दिवशी दगडूने बांधावर तिच्यासमोर बोचकं नुसतं काढलं, हुंगलं, परत झोळीत घातलं आणि गप्पा मारत बसला. पुन्हा काढलं, पुन्हा घातलं. तिसऱ्यांदा गुणी थरथरत उभी राहिली. मग त्याने ते पाण्यात फेकलं आणि म्हणाला, "आन!" ती गोळीसारखी सुटली. एकदाच. त्याने झोळी बांधली आणि दोघांना घरी पाठवलं.

मास्तरांच्या हुकमावर मात्र ती जागची हलेना. मास्तर 'आण' म्हणत आणि ती त्यांच्याकडे प्रेमाने बघत बसे. दगडू 'आन' म्हणे आणि ती पाण्यात असे. याचा उलगडाही दगडूनेच केला.

"तुमच्या घरात दिसभर तोच शब्द चालतो, मास्तर. पानी आना, चाय आना, भाजी आना. तुमच्या त्या बानातल्या अक्षरात. त्यातला एक बी तिच्यासाठी नसतो. मंग तुमी अंगनात ऐंशी वेला तेच बोललात. तिनं त्या शब्दाला कानाला बूच लावलाय. माजा 'आन' तिचा एकलीचा हाय. तुमी बी तसा बोला, ती जाईल."

"मी?" मास्तर म्हणाले. "शक्य नाही. रविवारी हुकूम तू दे."

रविवारी खाजणाच्या बांधावर विश्रामराव बंदूक घेऊन उभे होते. ते एकटे नव्हते. मास्तरांच्या कुत्रीची परीक्षा आहे, ही बातमी कोलशेतभर पसरली होती आणि बांधावर पन्नासेक माणसं जमली होती. त्यांतल्या निम्म्यांनी लहानपणी मास्तरांसाठी शंभर वेळा 'पाणी' लिहिलं होतं. परीक्षा मास्तरांची आहे असाच बहुतेकांचा समज झालेला दिसत होता.

"हुकूम तुम्ही द्यायचा, टिपणीस," विश्रामराव म्हणाले. "कुत्री तुमची ना? दगडूच्या हुकमावर त्याची कुत्री असल्याचं सिद्ध होईल."

मास्तरांनी दगडूकडे पाहिलं. दगडूने आकाशाकडे पाहिलं.

बदकांचा थवा आला, बार झाला, एक बदक कोसळलं आणि खाडीच्या पाण्यात तरंगू लागलं. ओहोटी लागली होती. पाणी त्याला हळूहळू बाहेर ओढत होतं.

"गुणी, आण!" मास्तर म्हणाले. आवाज वर्गातला, उच्चार निर्दोष.

गुणीने त्यांच्याकडे प्रेमाने पाहिलं.

"आण!"

तिने शेपटी हलवली. बदक दहा हात आणखी पुढे गेलं. विश्रामरावांनी खांदे उडवले. मास्तरांनी एकदा मागच्या गर्दीकडे पाहिलं. ते खाली वाकले, गुणीच्या कानाशी तोंड नेलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने काहीतरी पुटपुटले. गुणीने त्यांचा कान चाटला. हुकूम कुजबुजून द्यायचा असतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

बदक आता वळणापाशी पोचलं होतं. तिथून ते गेलं की गेलं. मास्तर ताठ उभे राहिले. गुणीच्या गळ्यातली साखळी त्यांना दिसत होती, मळ्यातली धूळ दिसत होती. त्यांनी छातीत हवा भरली आणि साऱ्या खाजणाला ऐकू जाईल असे ओरडले, "आऽऽन!"

गुणीने उडी घेतली.

मग पोपट म्हात्रे नावाच्या मिशाळ गृहस्थाने, ज्याला मास्तरांनी तीन दिवस बाकावर उभं केलं होतं, तोंडाभोवती हात धरून ओरडायला सुरुवात केली. "बानातला, मास्तर, बानातला!" आणि मग सगळा बांध, बाप्ये, बाया, म्हातारे, एका सुरात गर्जू लागला, "नलातला नाय, मास्तर, बानातला!" लोक पोट धरून हसत होते. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण त्यांची नजर पाण्यावरच होती. एक काळं डोकं वळणाकडे जात होतं. ते पोचलं, वळलं, आणि आता त्याच्या तोंडात काहीतरी होतं.

गुणी चिखल तुडवत वर आली, विश्रामरावांना ओलांडून गेली, दगडूला ओलांडून गेली आणि तिने बदक मास्तरांच्या हातात ठेवलं. मास्तरांचे गुडघे आपोआप टेकले. "गं माझी बाय," ते म्हणाले, आणि तिच्या ओल्या मानेत त्यांनी तोंड खुपसलं. जवळा आणायचा राहिला होता, त्याची तिला खंत दिसली नाही.

विश्रामरावांनी बदक उलटंसुलटं करून पाहिलं. एक पीस मोडलं नव्हतं. "राहू द्या," ते म्हणाले. "कवळी मात्र मी आता फडताळात ठेवीन." आणि ते पुढच्या थव्याकडे निघाले. पाठोपाठ माणसंही पांगली, हसत, एकमेकांना न आणि ण विचारत.

मास्तर उठले. धोतराला चिखल लागला होता, डोळे लाल झाले होते. ते दगडूपाशी गेले.

"दगडू," ते म्हणाले, "शाब्बास."

दगडू गुणीचं अंग फडक्याने पुसत होता. "मना कशाला, मास्तर?"

"हिच्यासाठी. आणि..." मास्तरांनी धोतराचा चिखल झटकला. "चौथीत तू सबंध धडा एका दमात वाचला होतास. एक अक्षर सोडलं तर वर्गात तसं कुणालाच वाचता येत नव्हतं. मला तेव्हाही ते ऐकू आलं होतं. शाब्बास, दगडू."

दगडूने फडकं पिळलं. गुणीचा एक कान पुसायचा राहिला होता, तो पुसला.

"शाबासकी तवाच्या तवा द्याला लागते, मास्तर," तो म्हणाला. "मागून दिली तं ती कशाची, कलत नाय."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. शिकवणीतला एखादा नियम सांगायचा राहून गेला असावा, तसं त्याने ते सांगितलं.